भारत–ऑस्ट्रेलिया कसोटी : खरी चुरस नेमकी कोणत्या मालिकेपासून?

तापीतीर (जळगाव)

भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील कसोटी सामन्यांचा विषय निघाला की हल्ली बहुतेक जण २००१ च्या कोलकात्यापासूनच सुरुवात करतात. लक्ष्मणच्या २८१ धावांचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु दोन्ही देशांतील चुरस त्याच्या वीस वर्षे आधी, फेब्रुवारी १९८१ मध्ये मेलबर्नला सुरू झाली, असे माझे ठाम मत आहे.

त्या दौऱ्याची सुरुवात फार वाईट झाली होती. सिडनीला भारताने दोन्ही डावांत प्रत्येकी २०१ धावा केल्या आणि एकट्या ग्रेग चॅपेलने २०४ केल्या. आपण डावाने हरलो. ॲडलेडला संदीप पाटीलने १७४ धावांची खेळी करून अब्रू राखली, तरी शेवटच्या दिवशी आठ गडी गमावून सामना जेमतेम अनिर्णित राहिला. मेलबर्नला पहिल्या डावात आपण १८२ धावांनी मागे होतो. दुसऱ्या डावात गावस्कर आणि चेतन चौहान यांनी १६५ धावांची सलामी दिली आणि लिलीच्या चेंडूवर गावस्करला पायचीत देण्यात आले. चेंडू बॅटला लागून पॅडवर गेला, असे त्याचे म्हणणे होते. संतापाच्या भरात तो चौहानलाही सोबत घेऊन निघाला आणि संघव्यवस्थापकांनी सीमारेषेवर चौहानला अडवले म्हणून सामना पुढे चालू राहिला.

ऑस्ट्रेलियाला अवघ्या १४३ धावा हव्या होत्या. कपिलची मांडी दुखावलेली, दिलीप दोशीच्या पायाचे हाड मोडलेले आणि शिवलाल यादव जायबंदी, अशी आपल्या गोलंदाजांची अवस्था होती. घावरीने चॅपेलचा पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडवला, शेवटच्या दिवशी कपिलने २८ धावांत पाच गडी बाद केले आणि ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत संपला. मालिका १–१ अशी बरोबरीत सुटली. ऑस्ट्रेलियाने पूर्ण ताकदीचा संघ उतरवलेला असताना त्यांच्याच देशात मालिका न हरता परतण्याची ही आपली पहिली वेळ होती. जाणकारांनी आपापली मते मांडावीत.

अमळनेरकर

विषय उत्तम आहे. फक्त एक विनंती आहे. ‘आमच्या वेळी’ या शब्दांनी सुरू होणारे प्रतिसाद दहाच्या वर गेल्यास हा धागा ज्येष्ठ नागरिक संघाकडे वर्ग करण्यात यावा.

जिभाऊ (धुळे)

आमच्या वेळी (अमळनेरकर, मोजणी सुरू करा) या प्रश्नाचे उत्तर १९७७–७८ असे दिले जाई आणि आजही माझे उत्तर तेच आहे.

पाच कसोटी सामने झाले आणि पाचही निकाली ठरले. ब्रिस्बेनला आपण १६ धावांनी हरलो, पर्थला दोन गड्यांनी हरलो. त्यानंतर मेलबर्नला २२२ धावांनी आणि सिडनीला एक डाव व दोन धावांनी जिंकून बेदीच्या संघाने बरोबरी साधली. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर भारताने मिळवलेले हे पहिले दोन विजय होत. मेलबर्नला चंद्रशेखरने दोन्ही डावांत प्रत्येकी ५२ धावा देऊन सहा-सहा बळी घेतले. ॲडलेडच्या निर्णायक सामन्यात चौथ्या डावात ४९३ धावांचे लक्ष्य होते आणि भारताने ४४५ धावांपर्यंत मजल मारली. मालिका ३–२ अशी गेली. पण पाचव्या सामन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत कोण जिंकणार हे सांगता येत नसेल, तर याहून वेगळी चुरस ती कोणती?

हे सारे आम्ही रेडिओ ऑस्ट्रेलियाच्या लघुलहरींवर ऐकले. हिवाळ्यातल्या पहाटे शेकोटीपाशी ट्रान्झिस्टर ठेवलेला असे, ॲलन मॅकगिल्व्रे यांचा आवाज मध्येच खोल जाई आणि पुन्हा वर येई. गल्लीतील एक निवृत्त शिक्षक इंग्रजीतील वर्णन मराठीत सांगत, आणि भारताचा गडी बाद झाला की ते सांगायला थोडा उशीर लावत.

गुगली (मूळ भुसावळ, सध्या पुणे)

जिभाऊ, आदर राखून विरोध नोंदवतो. त्या मालिकेतील ऑस्ट्रेलिया हा खरा ऑस्ट्रेलिया नव्हता. लिली, चॅपेल बंधू, मार्श हे सर्व जण केरी पॅकर या उद्योगपतीच्या, मंडळाबाहेरच्या स्पर्धेत गेलेले होते. संघ उभा करण्यासाठी मंडळाला बॉब सिम्पसनला वयाच्या ४१ व्या वर्षी, निवृत्तीनंतर सुमारे दहा वर्षांनी, कर्णधार म्हणून परत बोलवावे लागले. अशा संघाकडूनही आपण मालिका हरलोच. १९७९ मध्ये किम ह्यूजच्या संघाला आपण भारतात २–० असे हरवले आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धचा आपला पहिला मालिका विजय नोंदवला, तोही पॅकरकडे गेलेल्या खेळाडूंविना आलेल्या संघाविरुद्ध.

याउलट २००१ चा ऑस्ट्रेलिया सलग सोळा कसोटी जिंकून कोलकात्याला आला होता. मुंबईची कसोटी त्यांनी तीन दिवसांत दहा गडी राखून जिंकली होती. कोलकात्यात भारताचा पहिला डाव १७१ धावांत संपला, २७४ धावांनी मागे पडलेल्या भारताला स्टीव्ह वॉने फॉलोऑन दिला (म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजी करायला लावली), आणि त्यानंतर लक्ष्मण व द्रविड यांनी चौथा संपूर्ण दिवस एकही गडी न गमावता खेळून काढला. त्यांच्या ३७६ धावांच्या भागीदारीने सामना उलटला. पाचव्या दिवशी हरभजन आणि, विशेष म्हणजे, तीन बळी घेणारा तेंडुलकर यांनी तो संपवला. दुखापतीमुळे कुंबळे संपूर्ण मालिकेत नव्हता, आणि तरी हरभजनने ३२ बळी घेतले. चेन्नईची निर्णायक कसोटी दोन गड्यांनी जिंकताना पदार्पण करणारा आपला मुंबईकर यष्टिरक्षक समीर दिघे २२ धावांवर नाबाद होता, हेही अनेकांना आठवत नाही.

रावेरची लेक

तुम्ही सर्व जण सामने मोजत आहात. मी जरा सामन्यांच्या मधली रिकामी वर्षे मोजते.

भारताचा पहिला ऑस्ट्रेलिया दौरा १९४७–४८ चा. दुसरा दौरा थेट १९६७–६८ चा. वीस वर्षांत ऑस्ट्रेलियाने आपल्याला एकदाही बोलावले नाही. ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात प्रथम कसोटी खेळला तो १९५६ मध्ये. पुढे १९८६ नंतर भारतात ऑस्ट्रेलियाची पुढची कसोटी झाली ती ऑक्टोबर १९९६ मध्ये, दिल्लीला; म्हणजे मधली दहा वर्षे पूर्ण कोरडी. शेजाऱ्याशी भांडणसुद्धा रोजचा संबंध असल्याखेरीज रंगत नाही, मग दहा-दहा वर्षांनी भेटणाऱ्या संघांत चुरस कशी टिकणार? १९८१ चा मेलबर्नचा विजय कितीही थरारक असला, तरी त्यानंतर पुढची कसोटी पाहायला पावणेपाच वर्षे थांबावे लागले, हे तापीतीर दादांनी लक्षात घ्यावे.

१९९६ मध्ये दोन्ही देशांतील कसोटी मालिकांसाठी बॉर्डर–गावस्कर चषक सुरू झाला. त्यानंतर १९९८, १९९९, २००१, २००३, २००४ अशा एकापाठोपाठ एक मालिका झाल्या. खेळाडूंना एकमेकांचे हिशेब लक्षात राहू लागले, प्रेक्षकांनाही राहू लागले. १९९८ ला चेन्नईत तेंडुलकरने नाबाद १५५ धावा करताना वॉर्नला जसे झोडपले, त्याची आठवण २००१ ला ताजी होती. म्हणून माझे उत्तर कोणत्याही एका सामन्याचे नाही. दूरचित्रवाणीच्या पैशामुळे वेळापत्रक भरू लागले, तिथे चुरस सुरू झाली.

अमळनेरकर

ताईंनी क्रिकेटच्या धाग्यावर वेळापत्रकाचा मुद्दा मांडून रेल्वेच्या गावच्या गुगलींना मागे टाकले आहे.

कसोटीवेडा (नंदुरबार)

रिकाम्या वर्षांचा मुद्दा मान्य आहे. परंतु त्या काळातही जे घडले ते किरकोळ नव्हते.

१९४७–४८ चा दौरा फाळणीनंतर अवघ्या काही महिन्यांत निघाला. विजय मर्चंट जाऊ शकले नाहीत, फझल महमूद पाकिस्तानात गेले, आणि लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखालील संघासमोर ब्रॅडमन, लिंडवॉल आणि मिलर उभे होते. ब्रिस्बेनला आपण ५८ आणि ९८ धावांत बाद झालो. मालिका ४–० अशी गेली. तरीही ॲडलेडला आपल्या सांगलीच्या विजय हजारे यांनी एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके केली, ११६ आणि १४५. दुसऱ्या डावात लिंडवॉलने ३८ धावांत सात गडी बाद केले आणि संघाच्या २७७ धावांपैकी निम्म्याहून अधिक धावा हजारे यांच्या होत्या. याच मालिकेत सिडनीला विनू मंकडने चेंडू टाकण्याआधी पुढे सरकलेल्या बिल ब्राऊनला धावचीत केले. ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांनी मंकडवर टीका केली, परंतु खुद्द ब्रॅडमन यांनी पुढे त्याचीच बाजू घेतली.

डिसेंबर १९५९ मध्ये कानपूरला जसू पटेल या ऑफस्पिनरने एका डावात ६९ धावांत नऊ आणि सामन्यात एकूण १४ बळी घेतले. निवड समितीचे प्रमुख लाला अमरनाथ यांच्या आग्रहामुळे तो संघात आला होता. समोर बेनॉचा संघ होता, त्यात हार्वे, डेव्हिडसन, ओ’नील असे खेळाडू होते आणि तो १०५ धावांत गारद झाला. सोलापूरला जन्मलेल्या पॉली उम्रीगरने त्या डावात चार गडी बाद केले. ऑस्ट्रेलियावरचा तो आपला पहिला विजय. जसू पटेल संपूर्ण कारकिर्दीत फक्त सात कसोटी खेळला.

आणि १९६४! मद्रासला नाशिकचे बापू नाडकर्णी यांनी ११ बळी घेऊनही आपण हरलो, आणि पुढच्याच कसोटीत ब्रेबॉर्न स्टेडियमवर २५४ धावांचे लक्ष्य गाठताना आठ गडी पडलेले असताना चंदू बोर्डे यांनी विजय मिळवून दिला. तो दिवस दसऱ्याचा होता. त्या काळी मराठी घरांतून बाळ ज. पंडित यांचे धावते वर्णन ऐकले जाई, आणि खानदेशातील शेतकरीही बोर्डे-नाडकर्णी ही नावे घरच्या माणसांसारखी घेत, असे माझे वडील सांगत.

चाळीसगाव जंक्शन

सप्टेंबर १९८६ चे मद्रास अजून कोणी काढले नाही याचे आश्चर्य वाटते. तो सामना टाय झाला, म्हणजे शेवटचा गडी बाद झाला तेव्हा दोन्ही संघांच्या धावा सारख्याच होत्या. कसोटीच्या संपूर्ण इतिहासात असे फक्त दोनदा घडले आहे आणि दोन्ही वेळा ऑस्ट्रेलिया मैदानात होती. पहिली वेळ १९६० च्या ब्रिस्बेनची, वेस्ट इंडीजविरुद्ध.

डीन जोन्सने चेपॉकच्या उकाड्यात २१० धावा केल्या. तो मैदानावरच ओकत होता, पायांत गोळे येत होते, बाद झाल्यावर त्याला रुग्णालयात सलाईन लावावे लागले. थकून परत जाण्याची भाषा करणाऱ्या जोन्सला कर्णधार बॉर्डरने, मग मी एखादा कणखर क्वीन्सलँडचा गडी बोलावतो, अशा अर्थाचे सुनावले होते, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. ग्रेग मॅथ्यूज त्या उन्हात स्वेटर घालून गोलंदाजी करत होता आणि त्याने दोन्ही डावांत पाच-पाच बळी घेतले. बॉर्डरने शेवटच्या सकाळी डाव घोषित करून ३४८ धावांचे आव्हान दिले. गावस्करचा तो सलग शंभरावा कसोटी सामना होता आणि त्याने ९० धावा केल्या.

शेवटच्या षटकात चार धावा हव्या होत्या. रवी शास्त्रीने दोन धावा घेतल्या, मग एक धाव घेऊन बरोबरी साधली आणि उरलेले तीन चेंडू खेळायला मणिंदर सिंगला समोर आणले. पाचव्या चेंडूवर पंच विक्रमराजू यांनी मणिंदरला पायचीत दिले. शास्त्री ४८ धावांवर नाबाद राहिला. माझ्या मते त्याने ती एक धाव घ्यायलाच नको होती.

गुगली (मूळ भुसावळ, सध्या पुणे)

धाव घेतली नसती आणि पुढच्या चेंडूवर शास्त्रीच बाद झाला असता, तर आपण एका धावेने हरलो असतो. बरोबरी झाल्यावर पराभव अशक्य होता. गणित शास्त्रीच्या बाजूचे आहे.

चाळीसगाव जंक्शन

गणित त्याच्या बाजूचे आहे, परंतु मणिंदरची फलंदाजी कोणाच्याच बाजूची नव्हती.

जिभाऊ (धुळे)

मणिंदर आजही सांगतो की चेंडू बॅटला लागला होता. तापीतीर यांच्या मेलबर्नच्या गावस्करचेही म्हणणे तेच. पायचीतच्या बाबतीत दोन्ही देशांचे खाते बरेच जुने आहे.

धुळ्याचा डावखुरा

मी जिल्हा पातळीवर मॅटिंगवर (काथ्याच्या चटईच्या खेळपट्टीवर) डावखुरी मंदगती गोलंदाजी केली आहे, त्यामुळे खेळपट्टी आणि चेंडू यांच्याविषयी थोडे लिहितो. चर्चा भरकटते आहे असे वाटेल, पण मूळ प्रश्नाशी याचा संबंध आहे.

भारतात कसोटीला एसजी या कंपनीचा चेंडू वापरतात. त्याची शिवण हाताने घातलेली असते आणि ती बराच काळ उठून राहते, त्यामुळे फिरकी गोलंदाजाच्या बोटांना पकड मिळते. ऑस्ट्रेलियात कूकाबुरा वापरतात. त्याच्या बाहेरच्या ओळी यंत्राने शिवलेल्या असतात. नवा असताना तो वेगवान गोलंदाजाला साथ देतो, पण वीस-पंचवीस षटकांनंतर शिवण दबते आणि मग उंचीचा, वेगाचा आणि चिकाटीचाच कस लागतो. पर्थ आणि ब्रिस्बेनच्या खेळपट्ट्यांवर चेंडू छातीपर्यंत उसळतो. आपल्याकडे जो चेंडू गुडघ्याच्या उंचीवर खेळायची फलंदाजाला सवय असते, तो तिथे बरगडीपाशी येतो. म्हणून आपला संघ तिकडे आणि त्यांचा संघ इकडे, दोघेही वर्षानुवर्षे चाचपडले.

यातूनच तापीतीर अण्णांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. त्या काळातील मेलबर्नची खेळपट्टी मंद आणि खाली राहणारी म्हणून बदनाम होती. १९७८ ला चंद्रा आणि १९८१ ला कपिल, दोघांनाही ती आपल्या गावासारखी वाटली असणार. ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच अस्सल खेळपट्टीवर हरवले ते जानेवारी २००८ मध्ये पर्थला. त्याआधीच्या सिडनी कसोटीत पंचांचे निर्णय, हरभजनवर सायमंड्सला वर्णद्वेषी बोलल्याचा आरोप, दौरा सोडून परतण्याची भाषा असे सारे घडले होते. पर्थला एकोणीस वर्षांच्या ईशांत शर्माने पाँटिंगला ज्या रीतीने नाचवले आणि अखेर स्लिपमध्ये झेल द्यायला लावले, ते षटकामागून षटक पाहण्याजोगे होते. आपण ७२ धावांनी जिंकलो आणि, योगायोग पाहा, ऑस्ट्रेलियाची सलग सोळा विजयांची मालिका इथेही आपणच तोडली.

तापीतीर (जळगाव)

डावखुरे यांचा खेळपट्टीचा मुद्दा बिनतोड आहे. परंतु मंद खेळपट्टी ऑस्ट्रेलियाच्या घरचीच होती आणि लिली-पास्कोनेही त्याच खेळपट्टीवर गोलंदाजी केली होती. दोशीने मोडक्या पायाने टाकलेली षटके खेळपट्टीच्या खात्यावर जमा करता येणार नाहीत.

शेवभाजी (जळगाव)

मला एक गोष्ट खटकते. तापीतीर ज्या सामन्यापासून चुरस सुरू झाली म्हणतात, त्यात आपला कर्णधार पंचांच्या निर्णयावर चिडून सामना सोडायला निघाला होता. गावस्करने स्वतः पुढे त्याबद्दल खेद व्यक्त केला आहे. व्यवस्थापकांनी दहा पावले उशीर केला असता, तर कपिलची ती गोलंदाजी झालीच नसती आणि इतिहासात फक्त एक सोडून दिलेला सामना उरला असता. ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी शिवीगाळ केली की आपण संतापतो; मग आपल्या बाजूच्या अशा प्रसंगांना बाणेदारपणा म्हणणे मला योग्य वाटत नाही.

अमळनेरकर

नाव शेवभाजी आणि मत इतके सौम्य, हे जळगावात प्रथमच पाहिले.

कसोटीवेडा (नंदुरबार)

शेवभाजी यांच्याशी सहमत आहे. तरी खेळातील वैर केवळ सभ्यपणातून उभे राहत नाही, हेही खरे. ॲशेसचे, म्हणजे इंग्लंड–ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेचेच पाहा. १८८२ मध्ये ओव्हलला ऑस्ट्रेलिया सात धावांनी जिंकली आणि एका लंडनच्या नियतकालिकाने इंग्लिश क्रिकेटचा मृत्युलेख छापला. त्या थट्टेतून जगातील सर्वांत जुने कसोटी वैर उभे राहिले.

गुगली (मूळ भुसावळ, सध्या पुणे)

ॲशेसचा विषय निघालाच आहे तर एक आकडा देतो. डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नला झालेल्या भारत–ऑस्ट्रेलिया कसोटीला पाच दिवसांत मिळून ३,७३,६९१ प्रेक्षक आले. त्या मैदानावरील कसोटीचा आधीचा उच्चांक १९३६–३७ च्या ॲशेसचा, ब्रॅडमनच्या काळातला होता. तो जवळपास नव्वद वर्षे टिकला आणि भारताच्या सामन्याने मोडला. त्या गर्दीत भारतीय वंशाचे किती होते हा वेगळा प्रश्न; परंतु तिकीट सगळ्यांनीच काढले होते.

रावेरची लेक

आणि ती मालिका पाच सामन्यांची होती, १९९१–९२ नंतर प्रथमच. माझा वेळापत्रकाचा मुद्दा पुन्हा नोंदवून घ्यावा. १९९१–९२ ला अठरा वर्षांच्या तेंडुलकरने सिडनीला नाबाद १४८ आणि पर्थला ११४ धावा केल्या, शास्त्रीने द्विशतक केले, वॉर्नने पदार्पणात दीडशे धावा देऊन फक्त शास्त्रीचा बळी मिळवला. इतके सारे जमून आले होते आणि पुढची जवळपास पाच वर्षे दोन्ही मंडळांनी एकही कसोटी ठेवली नाही!

सातपुडा (शहादा)

वयाने मी तुमच्यातील बहुतेकांपेक्षा लहान असेन. माझ्या पिढीसाठी उत्तर २०१८ ते २०२१ असेच आहे आणि त्याची कारणे भावनेपलीकडची आहेत.

भारताने ऑस्ट्रेलियात मालिका जिंकली ती प्रथम २०१८–१९ मध्ये, म्हणजे पहिल्या दौऱ्यानंतर ७१ वर्षांनी. पुजाराने त्या मालिकेत तीन शतकांसह ५२१ धावा केल्या आणि १२५८ चेंडू खेळून काढले. ऑस्ट्रेलियाचे वेगवान गोलंदाज तिसऱ्या-चौथ्या सत्रात थकलेले दिसत, त्याचे मूळ या आकड्यात आहे. जिभाऊ, गुगली यांनी तुमच्या पॅकरच्या मालिकेला जो आक्षेप घेतला तो इथेही घेता येईल, कारण चेंडू कुरतडण्याच्या प्रकरणामुळे स्मिथ आणि वॉर्नर त्या मालिकेत नव्हते. पण २०२०–२१ ला ते दोघेही होते आणि या वेळी आपलाच संघ अर्धा होता.

ॲडलेडला ३६ धावांत सर्व बाद. कोहली अपत्यजन्मासाठी परतला. मेलबर्नला आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात जन्मलेल्या अजिंक्य रहाणेने ११२ धावा करून सामना जिंकून दिला. सिडनीला विहारी आणि अश्विन यांनी दुखापती सोसत शेवटचा दिवस खेळून काढला. ब्रिस्बेनला पोहोचेपर्यंत शमी, उमेश, जडेजा, विहारी, अश्विन, बुमराह हे सर्व जण बाहेर होते. दौऱ्यावर असताना वडील गमावलेल्या सिराजने दुसऱ्या डावात पाच गडी बाद केले. पहिल्या डावात शार्दूल ठाकूर आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी सातव्या गड्यासाठी १२३ धावा जोडल्या नसत्या, तर सामना तिथेच गेला होता. ३२८ धावांचे लक्ष्य होते. गिलने ९१ धावा केल्या, पुजाराने अंगावर चेंडू झेलत २११ चेंडूंत ५६ धावा केल्या, पंत ८९ धावांवर नाबाद राहिला. १९८८ नंतर ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलिया प्रथमच हरली. सामन्यानंतर रहाणेने शंभरावी कसोटी खेळलेल्या नेथन लायनला सर्वांच्या सह्या असलेला आपल्या संघाचा टी-शर्ट दिला. शेवभाजी यांना हा प्रसंग आवडेल.

शेवभाजी (जळगाव)

आवडला. तो प्रसंग मी मुद्दाम घरातील मुलांना दाखवला होता.

जिभाऊ (धुळे)

सातपुडा, तू न्याय केलास. दोन खेळाडू नसलेल्या संघावरचा विजय ऐतिहासिक ठरतो आणि दहा खेळाडू नसलेल्या संघाशी झालेली पाच सामन्यांची झुंज दुय्यम ठरते, हे तर्काला धरून नाही असे मी गुगलींना सांगणार होतो. आता ते काम तूच केलेस.

गुगली (मूळ भुसावळ, सध्या पुणे)

जिभाऊ, दोन आणि दहा यांत फरक आहे, आणि तो माझ्याच बाजूने बोलतो. तरीही बेदीच्या संघाने ४४५ धावा केल्या होत्या, एवढे मी मान्य करतो.

चाळीसगाव जंक्शन

मूळ प्रश्नाकडे परत येऊ. आतापर्यंत सर्वांनी भारताच्या बाजूने उत्तर शोधले. चुरस दोन बाजूंची असते, तर ऑस्ट्रेलियाला ती केव्हा जाणवली हेही पाहायला हवे. १९६९–७० ला बिल लॉरीच्या संघाने भारतात ३–१ अशी मालिका जिंकली. त्यानंतर भारतात पुन्हा मालिका जिंकायला त्यांना २००४ उजाडले. म्हणजे जवळपास ३५ वर्षे. नागपूरच्या हिरव्या खेळपट्टीवर गिलख्रिस्टच्या नेतृत्वाखाली त्यांनी ती मिळवली. मधल्या काळात त्यांनी वेस्ट इंडीजला त्यांच्या घरी हरवले, इंग्लंडला वारंवार हरवले, फक्त भारत राहिला होता. म्हणूनच स्टीव्ह वॉ २००१ च्या दौऱ्याला अखेरचा गड म्हणत असे. १९८१ च्या पराभवाने ग्रेग चॅपेल चिडला असेल. पण त्यामुळे ऑस्ट्रेलियाने भारताला पाच सामन्यांचे निमंत्रण लगेच दिले नाही. २००१ नंतर मात्र त्यांनी भारताविरुद्धची तयारी वेगळी सुरू केली, सरळ चेंडू, रक्षणात्मक क्षेत्ररचना, आणि २००४ ला त्याचे फळ घेतले.

तापीतीर (जळगाव)

जंक्शन, हा मुद्दा या धाग्यातील सर्वांत वजनदार आहे आणि तरीही मी १९८१ सोडत नाही. कारण सांगतो. त्या मालिकेपर्यंत ऑस्ट्रेलियात आपला खेळ म्हणजे एखाद्याचे शतक आणि संघाचा पराभव असा असे. १९४८ ला हजारे, १९६८ ला ब्रिस्बेनला जयसिंहा, सर्वांच्या वाट्याला तेच आले. भारतातून घाईने बोलावलेल्या जयसिंहाने ७४ आणि १०१ धावा केल्या आणि आपण ३९ धावांनी हरलो. १९८१ ला प्रथमच पूर्ण ताकदीच्या ऑस्ट्रेलियाला हातातला सामना गमवावा लागला आणि मालिका बरोबरीत सोडावी लागली. ताईंच्या वेळापत्रकाने ती चुरस वाढवली, हे मान्य. वाढवण्यासाठी ती आधी असावी लागते.

शिवाय चषकाला नावे कोणाची दिली? त्या मेलबर्नच्या मैदानावर परस्परविरुद्ध उभ्या असलेल्या दोघांचीच. बॉर्डर त्या सामन्यात खेळला होता.

रावेरची लेक

आणि जानेवारी २०२५ मध्ये सिडनीला तो चषक देताना मंचावर एकट्या बॉर्डरला बोलावले. गावस्कर त्याच मैदानावर समालोचनासाठी हजर होते आणि त्यांना कोणी हाक मारली नाही. त्यांनी नाराजी बोलून दाखवली, ती रास्त होती.

अमळनेरकर

म्हणजे चुरस अजून चालू आहे. ‘आमच्या वेळी’ची मोजणी एकावरच थांबली, याबद्दल जिभाऊंचे आभार. ज्येष्ठ नागरिक संघाला तसे कळवले आहे.

जिभाऊ (धुळे)

संघाचा कोषाध्यक्ष मीच आहे. धागा आमच्याकडे वर्ग झाल्यास पहिला ठराव १९७७–७८ च्या बाजूने मंजूर होईल, याची गुगलींनी नोंद घ्यावी.